पेट्रोलांतील मद्यार्क व आपली फटफटी

सकाळच्या प्रहरीं पाचूबंदराहून वसई रोड स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दृष्टि टाकली, तर आपल्या जीवनक्रमांत मोटरसायकलीनें केवढें स्थान मिळविलें आहे हें निराळें सांगावयास नको. चर्चगेटची गाडी गांठण्यासाठीं निघालेले नोकरदार, मासळीच्या टोपल्या बांधून बाजाराची वाट धरलेले कोळीबांधव, पाल्यांस शाळेंत पोंचवून कामावर जाणारे पालक, या सर्वांचा दिवस या दुचाकी वाहनावरच सुरू होतो. आपल्या आजोबांनीं तिच्या आवाजावरून तिला 'फटफटी' हें सार्थ नांव दिलें. या फटफटीच्या टांकींत जें पेट्रोल आपण घेतों, तें मात्र आतां पूर्वींचें पेट्रोल राहिलेलें नाहीं. त्याच्या पांच भागांपैकीं सुमारें एक भाग इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, असतो. अशा मिश्रणास 'ई-२०' असें म्हणतात.

या बदलाविषयीं फटफटी चालविणाऱ्यांचीं मतें ऐकूं गेल्यास तीं साधारणतः चार प्रकारचीं आढळतात. पहिला म्हणतो, "गाडी पूर्वींइतकी धांवत नाहीं, लिटरामागें दोन-चार किलोमीटर कमी पडतात." दुसऱ्याची तक्रार अशी कीं, जुन्या गाडीच्या नळ्या फुगतात, कार्ब्युरेटर बिघडतो, आणि पावसाळ्यांत ती सुरूच होत नाहीं. तिसरा विचारतो, "मिश्रण करावयाचें तर करा; पण भाव कां उतरत नाहीं, आणि निर्भेळ पेट्रोल घेण्याची मोकळीक आम्हांस कां नाहीं?" चौथा मात्र समाधानानें सांगतो, "परदेशीं जाणारा पैसा आपल्या शेतकऱ्याच्या घरीं जातो, हवाही स्वच्छ राहते. मग थोडें सोसलें तर काय बिघडलें?" या चारी मतांत सत्याचा अंश आहे, आणि चारींतही कांहीं अतिशयोक्ति आहे. कोणत्या मतांत कोणतें किती, हें पाहणें हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम इथेनॉल म्हणजे काय तें पाहूं. साखर किंवा पिष्ट यांवर यीस्ट या सूक्ष्म जीवाची क्रिया झाली म्हणजे मद्यार्क निर्माण होतो व कर्बवायु बाहेर पडतो. आंबलेलें द्रव तापविलें कीं मद्यार्क सुमारें ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधीं, उकळतो. त्याची वाफ थंड करून तो वेगळा करतां येतो. मात्र साध्या ऊर्ध्वपातनानें त्यांतील शेवटचें पाणी जात नाहीं. तें निराळ्या उपायांनीं काढून टाकल्यावरच तो पेट्रोलांत मिसळण्यास योग्य होतो. साखर कारखान्यांत साखर काढून घेतल्यावर जी दाट, काळसर मळी उरते, ती याचा आपल्याकडील सर्वांत जुना कच्चा माल होय. पुढें उंसाचा रस, तुटका तांदूळ व मका यांपासूनही इथेनॉल होऊं लागलें, आणि अलीकडे तर धान्यापासून होणारें इथेनॉल उंसापासून होणाऱ्या इथेनॉलाहून अधिक भरूं लागलें आहे. ऊंस आपणांस परका नाहीं. वसईच्या बागायतींत केळींच्या जोडीनें एके काळीं ऊंसही होत असे, आणि एकोणिसाव्या शतकांत वसईच्या किल्ल्याच्या आवारांत साखर करण्याचा प्रयत्नही झालेला आहे.

ही कल्पना नवी आहे असेंही कोणीं समजूं नये. मळीपासून काढलेला मद्यार्क मोटारींत वापरण्यासाठीं आपल्या देशांत १९४८ सालींच एक कायदा झाला होता. तो आतां अस्तित्वांत नाहीं. हल्लींच्या योजनेचा आरंभ २००१ सालीं तीन ठिकाणच्या प्रयोगांनीं झाला, आणि त्यांपैकीं दोन ठिकाणें, मिरज व मनमाड, महाराष्ट्रांतलींच होतीं. २००३ च्या जानेवारींत महाराष्ट्रासह नऊ राज्यांत शेंकडा ५ मिश्रण सुरू झालें. २०२२ च्या जून महिन्यांत शेंकडा १० चें उद्दिष्ट साध्य झालें. २०२३ च्या फेब्रुवारींत ई-२० ची विक्री सुरू झाली, आणि जें शेंकडा २० चें उद्दिष्ट प्रथम २०३० साठीं ठरविलें होतें तें २०२५ सालींच गांठलें गेलें. म्हणजे पहिले शेंकडा १० गांठण्यास दोन दशकें लागलीं, व पुढचे १० अवघ्या तीन वर्षांत पार पडले. जनतेंत जी अस्वस्थता दिसते, तिचें एक मोठें कारण या वेगांत आहे. कारण धोरण तीन वर्षांत बदलतें, परंतु गरीब माणसाची फटफटी दहा-पंधरा वर्षें चालावयाची असते.

आतां पहिल्या तक्रारीकडे वळूं. गाडी कमी धांवते हें खरें काय? याचें उत्तर साध्या अंकगणितानें मिळतें. एक लिटर पेट्रोल जळलें असतां सुमारें ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलापासून सुमारें २१ च. म्हणजे इथेनॉलाची शक्ति पेट्रोलाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. यावरून शेंकडा १० मिश्रणाच्या एका लिटरांत सुमारें ३०.९ मेगाज्यूल, आणि शेंकडा २० मिश्रणांत सुमारें २९.८ मेगाज्यूल भरतात. निर्भेळ पेट्रोलाशीं ताडून पाहतां ई-२० मध्यें शेंकडा ७ च्या जवळपास तूट येते. आणि शेंकडा १० च्या मिश्रणाशीं ताडून पाहतां सुमारें साडेतीनच. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत, निर्भेळ पेट्रोलासाठीं घडविलेल्या व शेंकडा १० मिश्रणास जुळविलेल्या दुचाकींना ई-२० मुळें शेंकडा ३ ते ४ तूट येईल असा अंदाज दिला आहे. तो आपल्या हिशेबाशीं जुळतो.

हा अंदाज घरखर्चांत उतरवून पाहूं. एखाद्या पालकास रोज ३० किलोमीटर जावें लागतें आणि महिन्यांत २६ दिवस काम असतें असें धरूं. एकूण ७८० किलोमीटर झाले. लिटरास ५० किलोमीटर चालणारी गाडी १५.६ लिटर पिईल. तीच ४८ किलोमीटर चालूं लागली तर १६.२५ लिटर. फरक सुमारें पाऊण लिटराहून किंचित कमी. लिटरास १०० रुपये धरले तर महिन्यास ६५ व वर्षास ७८० रुपये. ही रक्कम कोणास भिकेस लावणारी नव्हे, हें खरें. परंतु तेवढ्यांत एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या येतात, हेंही तितकेंच खरें. तेव्हां 'कांहींच फरक पडत नाहीं' असें म्हणणारा जसा चुकतो, तसाच 'गाडी निम्म्यावर आली' असें म्हणणाराही चुकतो. ज्याची गाडी खरोखरच लिटरामागें दहा-पंधरा किलोमीटरांनीं उतरली असेल, त्यानें चाकांतील हवा, साखळी, ब्रेक व स्पार्क प्लग हीं तपासून घ्यावीं. तेवढी घट एकट्या मद्यार्कानें होत नाहीं.

इथेनॉलाचा एक गुणही येथें सांगितला पाहिजे. इंजिनांत इंधन ठिणगी पडण्यापूर्वींच किंवा वेडेंवांकडें पेटलें, तर ठोका बसल्यासारखा आवाज येतो. या दोषास विरोध करण्याची शक्ति ऑक्टेन या अंकानें मोजतात. साध्या पेट्रोलाचा हा अंक ९१ च्या आसपास असतो, इथेनॉलाचा सुमारें १०८. म्हणून ई-२० चा ऑक्टेन अंक वरचा असतो, आणि त्यासाठींच घडविलेलें इंजिन त्याचा लाभ घेऊन शक्तींतील तुटीचा कांहीं भाग भरून काढूं शकतें. जुनें इंजिन हा लाभ घेऊं शकत नाहीं. एकाच इंधनाविषयीं दोन शेजारी दोन मतें कां देतात, याचें हें एक कारण होय.

दुसरें कारण इंजिनास हवा व इंधन मिळण्याच्या पद्धतींत आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलास ९ भाग पुरतात. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीस हा भेद कळत नाहीं. ती आपलें ठरलेलेंच माप देत राहते, त्यामुळें इंधन हवेच्या मानानें कमी पडतें, आणि इंजिन अडखळण्याचा किंवा अधिक तापण्याचा संभव असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे नियम लागू झाल्यावर ज्या दुचाकी आल्या, त्यांत बहुधा इंधन पिचकारीनें सोडलें जातें, आणि धुरांतील प्राणवायु पाहून तें माप बदलणारें यंत्र असतें. अशी गाडी मिश्रण ओळखून कांहीं मर्यादेपर्यंत आपणहून जुळवून घेते. तसेंच १ एप्रिल २०२३ पासून बाजारांत आलेल्या वाहनांचे रबर व धातूचे भाग ई-२० ला टिकतील असे करण्यांत आले आहेत. त्यापूर्वींच्या गाड्यांतील कांहीं प्रकारचें रबर मद्यार्कानें फुगतें वा कडक होतें. तें एका दिवसांत होत नाहीं. पण वर्षानुवर्षें वापरलेली नळी बदलण्याची वेळ लौकर येऊं शकते.

आतां आपल्या बंदरास विशेष लागू पडणारा विषय, म्हणजे पाणी. पेट्रोल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. पाणी तळाशीं बसतें. मद्यार्क मात्र दोघांचाही मित्र आहे. मिश्रणांत थोडें पाणी गेलें तर मद्यार्क तें आपल्यांत सामावून घेतो आणि तें इंधनाबरोबर निघून जातें. इतकें तर बरेंच झालें. परंतु पाण्यानें मर्यादा ओलांडली कीं मद्यार्क पेट्रोलाची संगत सोडतो व पाण्याशीं मिळून दोघे मिळूनच खालीं बसतात. टांकींतील नळी तळापासूनच इंधन घेते; म्हणून इंजिनास पेट्रोलाऐवजीं हेंच पाणीदार द्रव मिळतें आणि गाडी हटून बसते. शेंकडा १० मिश्रणांत ही मर्यादा सुमारें अर्धा टक्का पाण्याची आहे. ई-२० मध्यें ती याहून अधिक असते. म्हणजे नुसत्या दमट हवेनें चालत्या गाडीचें इंधन बिघडत नाहीं. भय आहे तें झांकणाच्या सैल रबरांतून शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याचें, आणि अर्धी टांकी भरून महिनोन्‌महिने उभ्या ठेवलेल्या गाडीचें. मासेमारीबंदीच्या काळांत ज्यांची फटफटी अंगणांत ताडपत्रीखालीं पडून असते, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. मोठ्या मच्छीमार होड्या डिझेलवर चालत असल्यामुळें त्यांस ही अडचण नाहीं. पेट्रोलवर चालणारें लहान इंजिन कोणाकडे असल्यास त्यास मात्र हाच नियम लागू आहे. आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड गंजणें हें पाचूबंदरास नवें नाहीं. इथेनॉलाचें नांवही कोणी घेत नव्हतें तेव्हांही टांक्या गंजतच होत्या. तेव्हां प्रत्येक गंजाचा दोष मद्यार्काच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं.

तिसरा प्रश्न भावाचा व मोकळिकीचा. मिश्रण केलें म्हणजे पेट्रोल स्वस्त व्हावें, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. कारण कमी शक्तीच्या मालास कमी दाम हा बाजाराचा जुना न्याय आहे. सरकारचें उत्तर असें कीं, २०२४-२५ च्या हंगामांत तेलकंपन्यांस इथेनॉल वाहतूक व करांसह सरासरीनें लिटरास ७१ रुपयांहून अधिक भावानें घ्यावें लागलें, आणि तें कर लागण्यापूर्वींच्या पेट्रोलाहून स्वस्त नव्हतें. उत्तर खरें असेल. तरी त्यानें ग्राहकाचें समाधान होत नाहीं, कारण शक्तींतील तूट अखेर त्याच्याच खिशांतून भरली जाते. नीति आयोगाच्या वरील अहवालानेंही अशा इंधनावर करांत सवलत देऊन ही तूट भरून काढावी असें सुचविलें होतें, हें येथें नमूद करणें जरूर आहे. मोकळिकीविषयीं म्हणावें, तर निर्भेळ पेट्रोलाचा पर्याय मिळावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं फेटाळली. इतर देशांकडे पाहतां, ब्रिटनमध्यें २०२१ सालीं शेंकडा १० मिश्रण सर्वत्र सुरू झालें, तेव्हां जुन्या गाड्यांसाठीं शेंकडा ५ चें पेट्रोल, महाग कां होईना, ठेवण्यांत आलें. ब्राझीलनें १९७५ पासून हा मार्ग धरला, व २०२५ च्या ऑगस्टपासून तेथें शेंकडा ३० मिश्रण आहे; परंतु त्या देशानें आपलीं इंजिनेंही इंधनाबरोबरच बदलत नेलीं. कोणत्याही प्रमाणांतील मिश्रणावर चालणारी मोटरसायकल तेथें २००९ सालींच विक्रीस आली. आपल्याकडे केवळ इथेनॉलावर चालणारी पहिली मोटरसायकल २०१९ सालीं निघाली, आणि ५ जून २०२१ रोजीं पुण्यांत तशा इंधनाच्या विक्रीचा प्रयोगही सुरू झाला. तथापि अशीं वाहनें अद्याप विरळाच दिसतात.

राहिला चौथ्याचा विचार, देशाचा व हवेचा. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक बाहेरून आणतो. १९७४ सालीं आपल्याच समुद्रांत 'मुंबई हाय' येथें तेल सांपडलें, तरी आपली भूक त्यानें भागत नाहीं. तेव्हां परदेशीं जाणारा पैसा वांचावा व उंसाचें बिल शेतकऱ्यास वेळेवर मिळावें, हे दोन्ही हेतु चांगलेच आहेत. हवेविषयीं विचार असा: खनिज तेल जाळलें म्हणजे लाखों वर्षें भूगर्भांत पडलेला कर्ब हवेंत नव्यानें येतो, ऊंस मात्र वाढतांना हवेंतील जो कर्बवायु शोषून घेतो, तोच इथेनॉल जळतांना परत देतो. हा जमाखर्च मात्र पुरता जुळत नाहीं, कारण खतें, पंप, ट्रॅक्टर व कारखाना यांसही इंधन लागतेंच. सर्व धरून नीति आयोगाच्या अभ्यासांत उंसापासूनच्या इथेनॉलानें पेट्रोलाच्या मानानें शेंकडा ६५ व मक्यापासूनच्या इथेनॉलानें शेंकडा ५० इतके अपायकारक वायु कमी होतात असा निष्कर्ष आहे. हा लाभ टांकींतील पांचव्या भागापुरताच आहे, हें मात्र विसरूं नये.

पण हवेचा हिशेब मांडतांना पाण्याचा विसर पडतां कामा नये. उंसापासून एक लिटर इथेनॉल होण्यास सुमारें २८६० लिटर पाणी लागतें, असा त्याच अहवालांतील आंकडा आहे. या आंकड्याचा अर्थ नीट कळण्यासाठीं एक गोष्ट आठवावी. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहर पाण्यावांचून व्याकुळ झालें असतां आगगाडीनें पाणी नेण्यांत आलें. पहिल्या गाडीच्या दहा टांक्यांत मिळून पांच लाख लिटर पाणी होतें. त्या पाण्यावर वाढलेल्या उंसापासून सुमारें १७५ लिटर इथेनॉल झालें असतें. आणि ती गाडी निघाली कोठून? मिरजेहून, जेथें २००१ सालीं पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचा प्रयोग झाला होता. केवळ मळीपासून इथेनॉल काढलें, तर हें सारें पाणी त्याच्या खातीं मांडणें अन्यायाचें होईल, कारण ऊंस साखरेसाठीं पिकलेलाच असतो. परंतु इंधनासाठींच ऊंस लावला, तर हा प्रश्न टाळतां येत नाहीं. सरकारलाही २०२३ च्या डिसेंबरांत साखर कमी पडेल या भयानें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले होते. मका त्या मानानें थोड्या पाण्यावर येतो; पण कोंबड्यांचें खाद्यही तोच आहे, म्हणून त्याचा भाव चढला कीं अंड्याचाही चढतो. विजेवर चालणारी दुचाकी हा दुसरा मार्ग आहे. मात्र आपल्या देशांत वीज अद्याप बहुतांशीं कोळशापासून होते. त्या बाजूस एक महत्त्वाचा मुद्दा असा कीं, पीक सूर्यप्रकाशाचा जेमतेम शेंकडा एक-दोन भाग साठवितें, तर सूर्यशक्तीचें पटल सुमारें २० भागांची वीज करतें, आणि तीही पाटाच्या पाण्यावांचून. अर्थात् शेतकऱ्यास पटलापेक्षां पिकाचीच संवय आहे, आणि पटल कांहीं खातां येत नाहीं. म्हणून दोहोंचाही विचार तारतम्यानेंच झाला पाहिजे.

तर मग आपण काय करावें? ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनीं झांकणाचें रबर व इंधनाची नळी पावसाळ्यापूर्वीं तपासावी, व नळी बदलतांना ई-२० ला टिकणारी मागून घ्यावी. गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टांकींत जुनें इंधन अर्धवट ठेवूं नये. कोणीं सांगितलें म्हणून बाटलींतील औषधें टांकींत ओतूं नयेत. गाडीच्या माहितीपुस्तकांत काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें. पंपावर माप कमी मिळतें असा संशय आल्यास पांच लिटरांच्या मापानें मोजून दाखविण्यास सांगण्याचा ग्राहकास हक्क आहे, त्याचा संकोच करूं नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्यासाठीं एक काम आहे. एक लहान वही घ्या. वडील पेट्रोल घेतील त्या दिवशीं टांकी ठराविक खुणेपर्यंत भरून घेण्यास सांगा व मीटरावरील किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळीं टांकी पुन्हां त्याच खुणेपर्यंत भरली म्हणजे, किती लिटर लागलें व मध्यें किती किलोमीटर झाले तें लिहा. किलोमीटरांस लिटरांनीं भागा. एका वेळेच्या भागाकारावर विश्वास ठेवूं नका; निदान सहा वेळां करून सरासरी काढा. पावसाळ्याची व उन्हाळ्याची नोंद वेगळी ठेवा, आणि गाडीवर एक बसला कीं तिघे हेंही प्रामाणिकपणें लिहा. मग कोणी म्हणालें, 'कांहींच फरक नाहीं,' किंवा कोणी म्हणालें, 'सारें बुडालें,' तर तुम्हांस वाद घालण्याचें कारण पडणार नाहीं. वही पुढें केली म्हणजे झालें. इंधनांत काय मिसळावें हें ठरविणें आज तुमच्या हातीं नाहीं. पण उद्यां शेतकरी, यंत्रज्ञ, अधिकारी वा साधे ग्राहक म्हणून तें ठरविणाऱ्यांत तुम्ही असाल. त्या वेळीं ज्याच्यापाशीं मोजलेला आंकडा असेल, त्याच्या शब्दास वजन येईल.